खालची ओळ

निवडणुकीच्या पत्रकात खरी म्हणावी अशी एकच ओळ असते. ती सगळ्यात खाली असते, आणि इतक्या बारीक टाइपात की ती वाचायला कोणी चष्मा शोधत नाही. पत्रक कोणी छापलं, कोणी छापून घेतलं, किती प्रती काढल्या, एवढंच त्यात असतं. कायद्याने ती ओळ सक्तीची आहे. तिच्या वरच्या मजकुराला कायद्याची अशी काही सक्ती नाही. त्यामुळे तिथे रोज पाणी, प्रत्येक हाताला काम आणि उमेदवाराचा हसरा चेहरा, असं सगळं छापता येतं.

साखर पेठेतल्या माझ्या छापखान्यात अडतीस वर्षं मी हे दोन्ही छापलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, टॉवेल-चादरींच्या पुड्यांवरची लेबलं हा आमचा रोजचा भाकरतुकडा. निवडणूक म्हणजे सण. एरवी डॉक्टरपुढेही धड न बोलणारी माणसं या सणात आमच्याकडे येऊन स्वतःबद्दल काय छापायचं ते भरभरून सांगत. टेंभुर्णीकडचे एक पुढारी तर विशेषणांचा वेगळा कागदच घेऊन आले होते. नाव शेवटी होतं, तेही जागा उरली तर.

"हे 'युवा हृदयसम्राट' ठेवायचं का?" मी विचारलं. "आपली साठी झाली ना?"

"साठी मला आली, मालक. हृदयाला कुटं आलीया?"

छापलं. खाली माझं नाव टाकलं. त्या विशेषणांची हमी माझं नाव देत नव्हतं. ते एवढंच सांगत होतं की हा कागद आकाशातून पडलेला नाही. तो एका माणसाने एका पत्त्यावर छापलाय. भांडायचं असेल तर या.

या ओळीचं महत्त्व मला शिकवलं ते आमचे कंपोझिटर नरसप्पा यांनी. शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा माणूस म्हणजे कंपोझिटर. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. आयुष्यभर मजकूर उलटा वाचल्यामुळे पुढाऱ्यांची भाषणं नरसप्पांना अगदी सरळ कळायची. घरची भाषा तेलुगू, जुळवायची मराठी, आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कानडीतही चार वाक्यं. बोलायचे मात्र तिन्ही भाषांत मोजकंच.

आमच्या धंद्यात 'पाठिंब्याचं पत्रक' नावाचा एक प्रकार असतो. अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर राहतंच. पण मतदानाला दोन दिवस उरले असताना तो जाहीर करू शकतो की मी आता लढत नाही, माझी मतं अमक्याला द्या. हे पत्रक फार जपून घ्यावं लागतं, कारण ते खोटं निघालं तरी ते खोटं आहे हे सांगायला समोरच्याकडे वेळ उरलेला नसतो.

एकदा भर दुपारी दोघे जण असाच मजकूर घेऊन आले. उमेदवार तिसराच होता आणि तो सोबत नव्हता. नरसप्पांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"खाली काय टाकू?"

"खाली काय नको."

"खाली काय नको, तर वर पण काय नको." त्यांनी कागद परत दिला.

दोघे शिव्या देत गेले. शहरात छापखाने पुष्कळ होते आणि त्यांनी बरेच पालथे घातले असणार. पण ते पत्रक निघालं नाही. आम्ही सगळे छापखानेवाले साधू होतो असं मुळीच नाही. खाली स्वतःचं नाव घालायला कोणी तयार नव्हतं, इतकंच.

नरसप्पांचा दुसरा नियम प्रुफाचा होता. छापण्याआधी तपासायला म्हणून जो एक कच्चा कागद काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. खिळ्यांच्या काळात आम्ही जुना जुळवलेला मजकूर मोडत नसू. नवी लग्नपत्रिका आली की जुन्या पत्रिकेतली नावं तेवढी बदलायची, बाकी 'सहकुटुंब सहपरिवार' आहे तिथेच. कधी गिऱ्हाइकाचा मजकूर आलेला नसे. मग नुसता आकार आणि टाइप दाखवायला वर त्याचं नाव आणि खाली दुसऱ्याचाच मजकूर, असं प्रूफ काढायचं. असंच एक प्रूफ मंद्रूपच्या एका गृहस्थांनी हौसेने घरी नेलं. त्यात त्यांच्या मुलाचं लग्न भलत्याच मुलीशी, भलत्याच गावात लागत होतं. नवरीकडची दोन जीपभर माणसं आमच्या दारात आली. त्या दिवशी नरसप्पांनी 'प्रूफ' असा तळहाताएवढा रबरी शिक्का करून घेतला आणि नियम घातला: प्रुफावर आडवा शिक्का मारायचा, गिऱ्हाइकाने दुकानातच बसून वाचायचं, सही करायची, आणि पत्रक छापून झालं की त्याच्यासमोर प्रूफ फाडायचं. प्रूफ उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

नरसप्पा गेले. खिळे गेले, संगणक आला, ऑफसेट आलं. शिक्का मी जपून ठेवला. जपून ठेवलेल्या वस्तू सहसा वापरात राहत नाहीत.

मग मोबाईल आला, आणि निवडणूक आमच्या हातातून गेली. भाषण आणि लाउडस्पीकर जाऊन काही शांतता आली असं नाही. आवाज फक्त घराबाहेरून घराच्या आत गेला. उमेदवार शेपाचशे पत्रकं छापून घेऊ लागले, तीही खर्चात दाखवायला. खरा प्रचार एखाद्या मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर चाले. शुद्धलेखन तपासायला मला एकदा तिथे नेलं होतं. ओळीने गाद्या घातलेल्या, प्रत्येक गादीवर एक माणूस आणि त्याच्यापुढे तीन-चार मोबाईल. भिंतीवर प्रभागातल्या गल्ल्यांची यादी होती. प्रमुख गृहस्थ कौतुकाने दाखवत होते.

"ह्या गल्लीत एक मेसेज जातो काका, त्या गल्लीत वेगळा. हितं दुकानं हटवणार म्हणून, तितं दुकानं वाचवणार म्हणून."

"आणि दोन्ही गल्ल्यांची गाठ पडली तर?"

"आता कोण गाठ पडतंय हो? सगळे मोबाईलमधी असत्यात."

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की पत्रकाच्या काळात निदान सगळ्यांना एकच थाप मारावी लागे. एकच कागद दोन्ही गल्ल्यांत जायचा. लोक तो शेजारी-शेजारी बसून वाचायचे आणि मिळून हसायचे. आता प्रत्येकाला स्वतंत्र थाप मिळते, आणि ती खास आपल्यासाठी आहे म्हणून माणूस ती जपून ठेवतो.

तरी धंदा म्हणून मीही मोबाईलवर पाठवायची चित्रं करून देऊ लागलो. तिथे खालची ओळ घालायची पद्धत नव्हती. मी घालत होतो. लोक हसायचे. "काका, हे कोण वाचतंय?" मी म्हणायचो, वाचू नका, पण असू द्या. त्यात थोडा गर्व होता हे आता कबूल करतो. माझ्या गावात खाली नाव असलेला कागद खरा मानतात, आणि ते नाव माझं असलं तर जरा जास्तच खरा मानतात, असं मला वाटायचं. माझा तो समज बरोबर होता. त्यानेच घात केला.

आता नागमणीअक्कांबद्दल लिहायला हवं. या लेखात मुळात तेवढंच लिहायचं होतं. आतापर्यंत मी चालढकल करत होतो.

अक्का विडी कामगार. वयाच्या अकराव्या वर्षापासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. वय पंचावन्नच्या आसपास. कामगारांच्या घरकुलात राहतात. नवरा वारला. मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर आहे. कारखान्याच्या शाखेत विड्या देताना तपासणारा माणूस मूठ-मूठ विड्या बाद करतो. त्याच्याशी भांडून, बाद केलेल्या विड्या वळणाऱ्या बाईच्या समोर मोजायला लावल्या त्या अक्कांनी. घरकुलात पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीत आधी जायचा हे ठरवायच्या त्याही अक्काच. महापालिकेची निवडणूक बरीच वर्षं रखडून एकदाची लागली, तेव्हा बायकांनीच त्यांना अपक्ष उभं केलं. चिन्ह मिळालं कुकर.

"मालक, जल्मभर मी कुकर घेतला नाय," त्या छापखान्यात येऊन म्हणाल्या. "आता फुकट मिळाला, तर नुसता चित्रात."

त्यांच्याविरुद्ध जे उभे होते त्यांना आपण भाऊ म्हणू. भाऊ त्या भागाचे जुने नगरसेवक. आमच्याकडे चिन्हं बदलतात, उमेदवार बदलत नाहीत. मागच्या एका निवडणुकीत भाऊंना एका उमेदवाराने पाठिंबा दिला होता, आणि ते पाठिंब्याचं पत्रक मीच छापलं होतं. तो उमेदवार स्वतः आला, दुकानात बसून वाचलं, सही केली. सगळं रीतसर. त्याची फाईल संगणकात राहिली होती.

अक्कांचा दीर श्रीनिवास एका शाळेत क्लार्क. चाळिशीचा, सरळ, धावपळ्या माणूस. प्रचाराचं सगळं तोच बघायचा. मतदानाला तीन दिवस होते. दुपारी त्याचा फोन आला.

"काका, शेवटचं पत्रक काढायचंय. मजकूर अक्का संध्याकाळी सांगत्यात. तोवर डिझाईन तर दाखवा की. फोटो कसा दिसतोय बघू."

मी संगणकावर त्याच आकाराची जुनी फाईल उघडली. वर अक्कांचा फोटो, नाव, कुकर. मधला मजकूर नंतर बदलायचा म्हणून तसाच ठेवला. नरसप्पांच्या काळापासून ठेवत आलो तसा. खालची ओळ होती तीच: माझं नाव, पत्ता, प्रती पाच हजार. ते चित्र श्रीनिवासला पाठवलं, आणि पाठोपाठ दुसरा मेसेज लिहिला: फक्त फोटो आणि नावाचा टाइप बघा, मजकूर जुना आहे.

मजकूर काय होता? 'मी या निवडणुकीतून माघार घेत असून भाऊंना बिनशर्त जाहीर पाठिंबा देत आहे. माझ्या सर्व मतदार बंधू-भगिनींनी...' आणि पुढे भाऊंचं पूर्ण नाव. मी ते वाचलं नाही. इतक्या वर्षांत ते नाव मी इतक्या वेळा छापलं होतं, की ते मला आता दिसतच नव्हतं. शिक्का टेबलाच्या खणात होता. तो संगणकाच्या पडद्यावर मारता येत नाही, पण 'प्रूफ' एवढी दोन अक्षरं आडवी लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

श्रीनिवास तेव्हा स्कूटर थांबवून एका पानपट्टीपाशी उभा होता. त्याने मी सांगितलं तेच केलं. फक्त फोटो बघितला. चांगला वाटला. कौतुकाने तो कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर पाठवून दिला: "बघा रे, अक्का कशा दिसतात." माझा दुसरा मेसेज त्याच्या फोनमध्येच राहिला. चित्र पुढे जातं, खुलासा जात नाही.

ग्रुपमधल्या एका बाईंनी मात्र मजकूर वाचला. त्या घाबरल्या. त्यांनी ते चित्र आपल्या बहिणीला आणि गल्लीच्या ग्रुपवर पाठवून विचारलं, हे खरं आहे का? तिथून पुढे गेलं तेव्हा प्रश्न गळून पडला होता. एवढी सगळी हकीकत मला नंतर, एकेकाला विचारून कळली. यात दुष्ट माणूस एकही नाही. मी खूप शोधला. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

भाऊंच्या, गाद्यांवर मोबाईल घेऊन बसलेल्या माणसांनी त्यात काही खोटं घातलं नाही. त्यांनी फक्त त्याच चित्राखाली दोन जोडलेले हात आणि 'अक्कांचे मनःपूर्वक आभार' असं लिहिलं. मग ते भराभर फिरलं.

साडेपाचला श्रीनिवासचा फोन आला. "काका, ते चित्र सगळीकडं गेलंय," एवढंच तो म्हणाला. मी रिक्षा करून घरकुलात गेलो. अक्कांच्या दारात पन्नास-साठ बायका होत्या. अक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या, सूप मांडीवरच. बहुतेक कोणीतरी सांगायला आलं तेव्हा त्या विड्याच वळत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. हा माणूस आला, आता सांगेल.

मी सांगितलं. माझी चूक आहे, मजकूर जुना आहे, पत्रक छापलेलंच नाही, अक्का लढताहेत. माझा आवाज मला शाळेतल्या मुलासारखा वाटला.

एक बाई पुढे आली. हातात मोबाईल. तिने दोन बोटांनी चित्र ताणून मोठं केलं, थेट तळापर्यंत नेलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"हे खाली नाव तुमचंच हाय नव्हं?"

"माझंच आहे."

"पत्ता तुमच्याच दुकानाचा?"

"हो."

"प्रती पाच हजार लिवलंय. छापलं न्हाय म्हणताव, मग पाच हजार कुटं गेले?"

अडतीस वर्षांत ती ओळ कोणी वाचली नव्हती. वाचली ती या बाईने, आणि तिचा तर्क अगदी बरोबर होता. मी तिला सांगू लागलो की प्रूफ म्हणजे काय, जुना मजकूर का ठेवतात. ती ऐकत होती, पण मागून कोणीतरी म्हणालं, "आता हे असंच म्हणणार की. त्येंना पण मिळालं असंल."

"कोण बोललं गं ते?" अक्का उठल्या. सूप खाली पडलं, तंबाखू आणि पानं पायरीवर सांडली. "मी इकणार व्हय? टँकर यायचा तवा नळीला कोण धरून उभं ऱ्हायचं? मी का तुमचे भाऊ?"

ज्या बायकांनी विश्वास ठेवला त्या पुढे आल्या आणि तंबाखू गोळा करू लागल्या. बाकीच्या हळूहळू पांगल्या. पांगणाऱ्या जास्त होत्या.

श्रीनिवासने तिथेच अक्कांचा खुलाशाचा व्हिडिओ काढला. त्यात मीही आहे, मागे, खाली मान घालून. तो व्हिडिओ बघून लोक म्हणाले, बघा, छापखानेवाला कसा मान खाली घालून उभा आहे. खरं बोलणाऱ्याने मान वर ठेवावी हे मला ऐनवेळी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खुलाशाचं खरं पत्रक छापलं आणि मी निवडणूक कचेरीत तक्रार घेऊन गेलो. तिथले अधिकारी भले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"पत्रकाची प्रत जोडा," ते म्हणाले.

"प्रत नाही. छापलंच नाही."

"मग तक्रार कशाबद्दल?"

"हे चित्र फिरतंय त्याबद्दल."

त्यांनी चित्र बघितलं. "काका, यावर नाव तुमचं आहे. कारवाई करायची तर तुमच्यावरच करावी लागेल."

"करा."

"पण पत्रक तर छापलेलं नाही म्हणता." ते खरोखर विचारात पडले होते. अर्ज त्यांनी घेतला, पोच दिली. त्या संध्याकाळी प्रचार थांबला. कायद्याने सगळे भोंगे बंद झाले. मोबाईलला तो कायदा ऐकू येत नाही.

आमचं खुलाशाचं पत्रक घरोघर गेलं. पण घराघरात ते दिलं गेलं तेव्हा लोक म्हणाले, कालचं एक, आजचं एक, उद्या तिसरं येईल. दोन्ही कागदांखाली नाव माझंच. मी ज्या ओळीला आयुष्यभर खरेपणाचा पुरावा मानलं, ती आता दोन परस्परविरोधी गोष्टींखाली उभी होती, आणि लोकांनी त्यातली जी आधी आली ती धरली. यात लोकांचं काय चुकलं, मला अजून सांगता येत नाही.

अक्का पडल्या. किती मतांनी हे लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा गणित करतो आणि म्हणतो, तशाही पडल्याच असत्या. कदाचित पडल्याही असत्या. पण मग त्या नुसत्या पडल्या असत्या.

निकालानंतर महिनाभर मी घरकुलाकडे गेलो नाही. जायला हवं होतं. श्रीनिवासकडून कानावर यायचं: अक्का शाखेत विड्या द्यायला गेल्या की बाकड्यावरच्या बायका जरा सरकून बसतात. बाद केलेल्या विड्या पुन्हा न मोजता पोत्याआड टाकल्या जाऊ लागल्यात. अक्का बोलायला गेल्या तर तपासणारा हसून म्हणतो, "काय अक्का, तुमचा तर पाठिंबा हाय की." श्रीनिवास माझ्यावर रागावला नाही. तो स्वतःवरच रागावून होता, आणि मी त्याला ते राहू दिलं. हाही एक हिशेब माझ्या नावावर आहे.

मधल्या काळात ते चित्र मलाही आलं. लातूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने पाठवलं. खाली लिहिलं होतं, "तुमचं काम अजून जोरात आहे, बघून आनंद झाला." एकही प्रत न छापलेलं ते पत्रक माझ्या छापखान्यातलं सगळ्यात जास्त वाचलेलं पत्रक ठरलं.

मग एका सकाळी अक्का स्वतः आल्या. मी दुकान आवरायला काढलं होतं, यंत्रं विकायची बोलणी चालली होती. नरसप्पांच्या स्टुलावर त्या बसल्या. पाणी नको म्हणाल्या.

"मालक, एक पत्रक काढायचंय."

"काढू की. काय लिहायचं?"

"जे झालं ते. तुमी काय केलाव ते. मी काय केलं न्हाय ते."

"मी लिहितो," म्हटलं. "पाच हजार काढतो. या वेळी मी स्वतः घरोघर फिरतो, अक्का. प्रत्येक दारात उभा राहून सांगतो."

"पाच हजार नको. एक काढा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"एक. पाच हजार लोकांनी मला इचारलं न्हाय, मालक. त्येंनी परस्पर ठरवलं. त्येंच्या दारात आता मी जाणार न्हाय." त्या थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "परवा पोरगं कामावरनं आलं. मागावर त्याला चिडवत्यात. जेवायला बसलं, ताटाकडं बघून म्हणालं, अम्मा, खरं सांग, किती घेतलीस? मी रागावणार न्हाय, म्हणालं. आपल्याला गरज होतीच, म्हणालं."

मग बोटाला गुंडाळलेलं टोक त्यांनी सोडलं.

"त्याला तोंडानं सांगितलं. त्यानं मान हलवली. तसली मान मी वळखते."

मी संगणक सुरू करायला उठलो. त्या म्हणाल्या, "त्याच्यावर नको. त्याच्यावरचं कुणी पण काढतंय." आणि कोपऱ्यातल्या नरसप्पांच्या खिळ्यांच्या कप्प्यांकडे बोट केलं.

मी अठरा वर्षांत खिळ्याला हात लावला नव्हता. कप्प्यांवर धूळ होती, 'ळ' कमी पडत होता. अकरा ओळी जुळवायला दुपार गेली. अक्का स्टुलावरून हलल्या नाहीत. मजकुराची सुरुवात माझ्या नावाने झाली. इतकी वर्षं माझं नाव कागदाच्या तळाशी होतं, त्या दिवशी ते पहिल्या ओळीत आलं: मी, या छापखान्याचा मालक, लिहून देतो की नागमणीअक्कांनी कधीही माघार घेतली नाही, कोणाकडून काहीही घेतलं नाही, आणि त्यांच्या नावाने जे फिरलं ती माझी चूक होती. पुढे चूक कशी झाली ते सगळं, एकही विशेषण न घालता.

प्रूफ काढलं. शिक्का शोधून आडवा मारला. अक्का तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी त्या बोट ठेवून, अक्षर लावत वाचतात. एका ठिकाणी थांबल्या.

"हितं 'गैरसमज' का लिवलाव? गैरसमज न्हाय झाला. चूक झाली."

शब्द बदलला. त्यांनी सही केली. मग जुन्या हाताच्या यंत्रावर, जाड कागदावर, एक प्रत काढली. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघे तिच्याकडे बघत बसलो. नियमाप्रमाणे मी प्रूफ त्यांच्यासमोर फाडलं.

खिळ्यांनी छापलेला कागद मागून हाताला लागतो. अक्षरं कागदात रुतलेली असतात. अक्कांनी कागद उलटा केला आणि त्यावरून बोटं फिरवली. चिमटीत घेतलेल्या तंबाखूचं वजन सांगणारी ती बोटं. सगळ्या ओळींवरून हळूहळू खाली आली आणि शेवटच्या, बारीक ओळीपाशी थांबली.

"हितं काय हाय? वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचलं. माझं नाव, माझा पत्ता, आणि प्रती एक.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. कागद घडी न घालता पदराखाली धरून त्या पायऱ्या उतरल्या. मुलाची पाळी सातला सुटत होती.